रेडिएटरच्या तोंडाशी पांढरा थर

कुंडलच्या अलीकडच्या चढावर ट्रकचा तापमानाचा काटा तिसऱ्यांदा लाल रेषेला टेकला आणि पप्पांनी गाडी कडेला घेतली. दहिवडीहून आणलेले डाळिंबाचे क्रेट सांगलीच्या मार्केटला आणि मला तिथल्याच विश्रामबागेतल्या माझ्या खोलीवर पोचवायचं होतं. इंजिन निवल्यावर आम्ही हळूहळू कुंडलच्या एका गॅरेजपर्यंत आलो.

मिस्त्री साठीच्या पुढचे होते. त्यांनी पंख्याचा पट्टा दाबून पाहिला, पाइप चाचपले आणि फडक्याला हात पुसले.

"इंजिनच्या हेडचं काम दिसतंय. इंजिन खोलल्याबिगर कळायचं न्हाई."

पप्पा टायरला टेकले. या गाडीचं इंजिन खोलायची वेळ आली की ती विकायची, हे त्यांचं वर्षभरापूर्वीच ठरलं होतं. दोन्ही काका मुंबईत दुसऱ्यांच्या गाड्या चालवतात. पप्पा घरी राहिले ते या ट्रकमुळे. तो विकला की तेही मुंबईला जाणार, हे आमच्या घरात कोणी बोलत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.

"खोलू नका," ते म्हणाले. "गिऱ्हाईक बगतो."

मिस्त्रींनी तरीही फडकं धरून रेडिएटरचं झाकण काढलं. मी मागेच उभी होते. अनोळखी माणसांत मी बहुतेक मागेच उभी असते, त्यामुळे दिसतं मात्र बरंच. तोंडाच्या कडेला आतून पांढरा, खडबडीत थर होता. माझ्या खोलीवरच्या किटलीत असतो तसाच.

मी ट्रकमधल्या पाण्याच्या कॅनकडे पाहिलं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही घरी पाण्याचं आरओ मशीन बसवलं. एक हंडा गोड पाणी मिळायला ते दोन हंडे बाहेर टाकतं. आमच्या दुष्काळी माण तालुक्यात पाणी ओतून देणं कुणाला बघवत नाही. ते पाणी ट्रकच्या कॅनमध्ये भरायची कल्पना माझी. आई खूश झाली होती आणि पप्पांनी पारावर सांगितलं होतं, "आमच्या पोरीनं डोकं चालवलं." इंजिनात पाणी फिरवणाऱ्या ट्रकच्या पंपातून थेंबथेंब गळायचं, म्हणून त्या कॅनमधलं पाणी रोज रेडिएटरमध्ये पडायचं. बोअरचं पाणी आधीच क्षारांचं, आणि मशीन गाळून उरलेले सगळे क्षार त्या बाहेरच्या पाण्यात सोडतं. हार्ड वॉटरची व्याख्या मला शाळेपासून इंग्रजीत तोंडपाठ आहे. ट्रकशी तिचा संबंध असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

गप्प बसले असते तर कोणाला काही कळलं नसतं. पप्पा फोनमध्ये कोणाचा तरी नंबर शोधत होते.

"पप्पा," मी म्हणाले, "त्या कॅनमध्ये आपण आरओचं टाकाऊ पाणी भरतो, ते माझ्यामुळेच. त्याचेच क्षार आत साचलेत बहुतेक."

मिस्त्रींनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग झाकण उघडंच ठेवून त्यांनी इंजिन चालू करायला लावलं आणि पाण्याकडे बघत राहिले.

"बुडबुडं न्हाईत. हेड फुटलं असतं तर पाण्यात गॅस शिरून आले असते."

इंजिन बंद करून त्यांनी रेडिएटरच्या जाळीवर तळहात फिरवला आणि मलाही हात लावायला सांगितलं. वरचा भाग पोळत होता. मध्ये मात्र पत्रावळीएवढा भाग गार होता.

"हितनं पाणीच जात न्हाई. नळ्या बुजल्यात," ते म्हणाले. मग पप्पांकडे वळले. "आवं, दुखणंबी पोरीचं आन् निदानबी पोरीचंच. इंजिन खोलायचं कारण न्हाई."

पप्पांनी फोन खिशात ठेवला. मग गॅरेजबाहेरच्या टपरीवर गेले आणि तीन चहा सांगितले. माझ्या चहात साखर कमी, हे लक्षात ठेवून.

डाळिंबं एका टेम्पोतून पुढे गेली. रेडिएटर उतरवून त्याच्या नळ्यांतून लोखंडी काड्या घातल्या, तेव्हा चुन्यासारखी पांढरी पूड पडली. इंजिनच्या आतली पाण्याची वाट औषध घालून तीनदा धुतली. पहिल्यांदा दुधासारखं पाणी आलं, तिसऱ्यांदा बऱ्यापैकी स्वच्छ. गळणाऱ्या पंपाचं सीलही बदललं. दुपार कलल्यावर आम्ही निघालो. पप्पा सांगलीच्या रस्त्याला न लागता आधी मागे वळले आणि सकाळचाच चढ पुन्हा चढले. मी काट्यावरून नजर हलवली नाही. तो मधोमध होता, तिथून हलला नाही.

"किती हाय?" पप्पांनी समोर बघत विचारलं.

"मध्येच आहे."

"मग बास की आता बगायचं." ते हसले. मीही.

घरी आता त्या कॅनला आईने लाल चिंधी बांधली आहे. ते पाणी शेळ्यांचा गोठा धुवायला जातं. पप्पा पारावर हा किस्साही सांगतात: मिस्त्री इंजिन खोलायला निघाला होता, पण आमच्या पोरीनं बरोबर ओळखलं. ते पाणी भरायची कल्पना कोणाची होती, हे मात्र ते आता कधी सांगत नाहीत.