घटस्फोटाच्या तारखेला सुकट

आमचा घटस्फोट झाला तेव्हा वस्तीतल्या बायकांना माझा फार राग आला होता. घटस्फोट घेतला म्हणून नव्हे हो, सांगण्यासारखं काही कारण दिलं नाही म्हणून. नळावर चौकशी व्हायची.

"मारतो काय गं?"

"नाय मावशी."

"पितो?"

"चहा पितात. बशीने."

"मग बाहेर कुठं हाय का त्याचं?"

"मावशी, जो माणूस घरातल्या बाईशी बोलत नाही, तो बाहेरचीशी काय बोलणार?"

मावशीने हंडा कमरेवर घेतला आणि तोंड वाकडं करून गेली. इतका वेळ फुकट उभी केली, असं तिला वाटलं असणार.

पण कारण खरंच तेवढंच होतं. पोरांचे बाबा बोलत नसत. ते लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, कामाला. भिवंडीबाहेरच्यांसाठी सांगते, लूमच्या कारखान्यात एवढा खडखडाट असतो की शेजारचा कानाशी ओरडला तरी कळत नाही. म्हणून आमच्याकडचे कामगार हातांनी बोलायचे. बोटांची कात्री केली की धागा तुटला. मनगट गोल फिरवलं की पाळी बदलायची वेळ झाली. बशी धरल्यासारखी ओंजळ केली की चहा. एका तळव्यावर दुसरा तळवा झाकणासारखा ठेवला की डबा. डब्यात काय आहे, त्याच्याही खुणा होत्या. मी स्वतः तिथे कांड्या भरायला जायची, म्हणजे लूमला लागणारं सूत कांडीवर गुंडाळायचं काम, त्यामुळे मलाही हे सगळं यायचं. फरक एवढाच, की मी घरी आले की तोंड उघडायची आणि ते घरी आले तरी कारखान्यातच असायचे.

मी सांगायची, आज थोरल्याला ताप होता, दवाखान्यात ही गर्दी, तिथे एक बाई भेटली ती अंबाडी गावची निघाली, तिच्या नणदेचं तर असं झालं... माझं संपेपर्यंत ते भिंतीकडे बघत बसायचे. संपलं की ओंजळ पुढे. चहा. शुक्रवारी लूम बंद असायचे, तो दिवस तर सरता सरायचा नाही. मी बोलायची आणि भिंत ऐकायची.

अशी वर्षं गेली. मग एका शुक्रवारी मीच म्हटलं, "आपण वेगळं राहू या का?" त्यांनी बराच विचार केला आणि हो म्हणून मान हलवली. ट्रंक घेऊन जवळच्या कोन गावाला आपल्या भावाकडे राहायला गेले. दर शुक्रवारी येऊन पोरांना फिरवून आणायचे. भांडण नाही, तंटा नाही. वर्ष होऊन गेलं, आणि मग माझ्या सासूबाईंनी निरोप धाडला: मुलगा आमचा, तो कोनला राहील, मुलगी तू ठेव. जसं काही माझ्या घरातली भांडीच वाटून घ्यायची होती! थोरला दहा वर्षांचा, धाकटी सातची, ती दोघं एकमेकांशिवाय जेवायची नाहीत. मी पोरांच्या बाबांना विचारलं, "तुमचं काय म्हणणं?" ते पायाकडे बघत राहिले. तेव्हा मला कळलं, की आता हे यांच्याकडून कोर्टातच वदवून घ्यायला पाहिजे.

ठाण्याला एक वकीलसाहेब मिळाले. दोघांच्या संमतीने अर्ज केला. दोन्ही मुलं आईकडे, शुक्रवारी बाबांकडे, असं त्यात लिहिलं. यांनी सही केली. पण वकीलसाहेब म्हणाले, "सही पुरत नाही बाई. सहा महिन्यांनी दोघांना परत बोलावतील. जजसाहेब तोंडी विचारतील, तेव्हा त्यांनी तोंडाने हो म्हणायला हवं. आणि त्या दिवशी वेगवेगळ्या एसटीने या, लांब लांब बसा, एकमेकांशी एक शब्द बोलू नका. गोडी दिसली तर साहेब म्हणतील, जा, नांदा."

आम्ही अगदी तसंच केलं. मी पोरांना घेऊन एका गाडीने, ते कोनहून दुसऱ्या गाडीने. साहेबांनी आम्हाला पोरांसकट, वकीलसाहेबांसकट आपल्या खोलीत बोलावलं. मी एका टोकाला, ते दुसऱ्या टोकाला. एक शब्द नाही.

साहेबांनी त्यांना विचारलं, "दोन्ही मुलांचा ताबा आईकडे द्यायला तुम्ही राजी आहात?"

हे गप्प. मला वाटलं, आता पायाकडे बघतील, साहेब तारीख देतील, आणि तोवर सासूबाई थोरल्याची ट्रंक भरतील. तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तळव्यावर तळवा ठेवला. आणि माझे हात, मेले, आपोआप उत्तर देऊन मोकळे झाले.

साहेबांनी चष्मा काढला. "हे काय चाललंय?"

वकीलसाहेबांचा चेहरा पांढरा. "काही नाही साहेब, सवय आहे..."

पण धाकटी माझ्यावर गेलेली. विचारलं नाही तरी सांगणार. "बाबांनी विचारलं, डबा आणलास का."

"आणि आई काय म्हणाली?"

"हो म्हणाली. भाकरी आणि सुकट."

दाराशी उभा असलेला पट्टेवाला तोंडावर हात धरून बाहेर पळाला. साहेब मात्र हसले नाहीत. "तुमचं तर न बोलता एकमेकांना कळतं. घटस्फोट कशाला? आणखी थोडा विचार करा."

मी उठून उभी राहिले. वकीलसाहेबांनी माझा पदर ओढायचंच बाकी ठेवलं होतं. "साहेब, हे लूमचं बोलणं हाय. यात धागा तुटला, चहा आला, डबा आणला, एवढंच बोलता येतं. पोराला ताप आला तर काय वाटतं, ते यात सांगता येत नाही. दहा वर्षं मी यात संसार करून बघितला."

आणि मग पोरांचे बाबा बोलले. आमच्या लग्नातलं सगळ्यांत लांब बोलणं ते.

"साहेब, ती म्हणते तसंच हाय. पोरं बोलायला शिकली ती तिच्याजवळ. माझ्याजवळ राहिली तर माझ्यासारखी होतील. दोघं तिच्याकडंच राहू द्या. आईला मी सांगतो. मला शुक्रवार बास हाय."

मी बघतच राहिले. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं, कारण वकीलसाहेब घाईघाईने म्हणाले, "साहेब, हुकूम!"

हुकूम झाला. थोरल्याने धाकटीचा हात धरला आणि आम्ही बाहेर आलो. कोर्टाच्या आवारात एका झाडाखाली चौघांनी डबा उघडला. वकीलसाहेब तिथून गेले, सुकटीच्या वासाने थांबले, आमच्याकडे बघितलं, आणि काही पाहिलंच नाही अशा चेहऱ्याने पुढे गेले.

खाऊन झाल्यावर मी विचारलं, "एवढं बोलता येत होतं, तर मग घरात काय झालं होतं?"

त्यांनी बराच विचार केला. आणि ओंजळ पुढे केली.

"ते नाही आता," मी म्हटलं. "आता तोंडाने मागायचं. कागद झालाय."

ते हसले. कधी नव्हे ते आवाज करून हसले. "चहा सांग गं," म्हणाले. मग जरा थांबून, "चौघांना."