बुटांना खोबरेल

रविवारी जेवणं उरकली, भांडी घासून झाली, की मी उंबऱ्यात बूट घेऊन बसायचे. नवऱ्याचे बूट. नवरा मस्कतला आणि बूट चारकोपला, असा आमचा संसार होता.

जायच्या आधी तो अंधेरीला, विमानतळाजवळच्या एका हॉटेलात वेटर होता. तिथे कामावर चढायच्या आधी साहेब सगळ्यांना रांगेत उभं करून पायाकडे बघायचा. त्यामुळे पॉलिशच्या बाबतीत आमचा माणूस म्हणजे सोवळ्यातला भटजी. ब्रश मारला आणि सुटलो, हे त्याला चालायचं नाही. जुन्या बनियनचं फडकं दोन बोटांना घट्ट गुंडाळायचं, पॉलिशच्या डबीला नुसतं टेकवायचं आणि बुटाच्या टोकावर लहान लहान गोल फिरवत राहायचं. मध्येच पाण्याचा एक थेंब. परत पॉलिश, परत थेंब. आधी सगळं धुरकट होतं, वाटतं झाली वाट, होते ते पण घालवले. तेव्हाच थांबायचं नाही, म्हणायचा. त्याच्या शेजारी बसून बघत बघत मी शिकले. लग्नानंतर त्याने मला शिकवलेली ती एकच गोष्ट.

बूट मस्कतचं हॉटेलच देणार होतं, म्हणून हे घरी राहिले. करार दोन वर्षांचा. जाताना मला म्हणाला, "परत आलो की इथल्याच मोठ्या हॉटेलात वेटरांवरच्या कॅप्टनच्या जागेसाठी जाईन. हेच घालून जाईन. यांना मरू देऊ नकोस." चामडं न वापरता पडून राहिलं तर मरतं, त्याला तेल-पाणी नसलं तरी हात लागत राहिला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मी तो शब्द धरून बसले. बूट इथे आहेत, म्हणजे बूट घालणारा परत येणार. मला एवढंच समजत होतं आणि एवढं पुरत होतं.

चारकोप तेव्हा नुसतं नावाला होतं. सेक्टरांचे नंबर पडले होते, पण घरं इथे चार, तिथे सहा. मध्ये खारट माती, खाडीकडून येणारा वास आणि येईल तेव्हा येणारी बस. सोमवार ते शनिवार मी तिथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटीत शर्टांना बटणं लावायचे, तिथे बायकांची बडबड असायची. रविवारी मात्र घर अंगावर यायचं. शेजारणींचे नवरे लुंगी लावून दारात दात घासायचे, बायकांवर ओरडायचे, पोरांना रट्टे द्यायचे. मला त्याचाही हेवा वाटायचा. कोणीतरी माझ्यावर ओरडावं म्हणून मी तरसले होते, आता बोला.

सासूबाई होत्या सोबतीला. मुलगा गेला तशा गावाहून, मालवणकडून आल्या, सुनेला एकटीला कसं ठेवायचं म्हणून. पण त्यांचं मन गावच्या माडांत, माझं मस्कतला. एका खोलीत दोघी, आणि दिवसातून बोलणं काय, तर भात टाकू का आणि पाणी आलं का. नवरा महिन्याकाठी शेजारच्या सेक्टरातल्या दुकानात फोन करायचा. दुकानदार पोराला बोलवायला पाठवायचा, आम्ही दोघी पळत जायचो, आणि तिथे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांसमोर मी काय बोलणार? बूट चांगले आहेत, एवढं ओरडून सांगायचे. तो हसायचा आणि लाइन कटायची.

बाहेर ठेवले तर दमट हवेने खराब होतील, म्हणून मी बूट आत, फळीवर ठेवले होते. शेजारच्या फळीवर देव. सासूबाईंना ते पहिल्या दिवसापासून खुपत होतं. चामडं आणि देव एका उंचीवर, हे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. एकदा भाजी निवडता निवडता, वर न बघता म्हणाल्या, "व्हाण पायातच बरी गो."

ही म्हण बुटांसाठी नसते, हे मराठी घरात वाढलेल्या कुठल्याही सुनेला कळतं. माझं डोकं फिरलं. मी विचारलं, हे बुटांबद्दल म्हणताय की माझ्याबद्दल? त्या भाजी निवडत राहिल्या. मीही देवांची फळी एक वीत वर ठोकून घेतली आणि बूट होते तिथेच ठेवले. आठवडाभर आमचं भात आणि पाणीसुद्धा बंद.

दुसऱ्या पावसाळ्यात मला ताप आला. दोन रविवार मी अंथरुणातच होते. उठले तेव्हा बूट खाली काढले, आणि बघते तर काय, टोकांवरची चमक साफ गेलेली. बूट मऊ, चिकट, ओल्या काजळासारखे. वास खोबरेलाचा. सासूबाईंनी शांतपणे सांगितलं, "बुरशी इल्ली, म्हणान तेल लायलंय."

कोकणातल्या माणसाला खोबरेल म्हणजे सगळ्याचं औषध. डोक्याला तेल, गुडघ्याला तेल, दाराच्या बिजागरीला तेल, बाळाच्या टाळूला तेल. मग लेकाच्या बुटांनी काय पाप केलं होतं? शिव्या अगदी ओठावर आल्या होत्या माझ्या. पण मग त्यांचे हात दिसले. कोपरापर्यंत काळे. चामड्याला कधी न शिवणारी बाई, देवांचं सगळं करणारी, ती मी तापात असताना बूट मांडीवर घेऊन चोळत बसली होती. मी गिळलं सगळं.

तेल प्यायलेल्या चामड्यावर पॉलिश बसत नाही. कितीही फिरवा, ते सरकतं, धुरकट होतं आणि धुरकटच राहतं. मी साबणाच्या ओल्या फडक्याने पुसलं, आत वर्तमानपत्र कोंबून वाळवलं, तरी तेल वर यायचंच. शेवटी टाल्कम पावडर थापली. नवऱ्याने कोणाबरोबर तरी पाठवलेला वासाचा डबा होता, मी लग्नकार्याला जपून वापरायचे. तो अख्खा त्याच्याच बुटांवर गेला. पावडर तेल ओढायची, मी झटकायचे, परत थापायचे. सासूबाई समोर बसून बघत होत्या. तेलाने चमक मरते, हे त्यांना तेव्हा नीट कळलं. पुढच्या रविवारी त्या न बोलता पाण्याची वाटी घेऊन आल्या आणि शेजारी बसल्या. मी फडकं फिरवायचे, त्या बोट बुडवून थेंब टाकायच्या. तेवढा वेळ बरं वाटायचं.

दिवाळीच्या सुमाराला तो आला. अंगाने भरला होता, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, सगळ्यांसाठी काय काय आणलेलं. मी फळीवरून जोड काढून त्याच्यासमोर ठेवला. टोकात वरची ट्यूबलाइट सरळ दिसत होती. त्याने उचलून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, मला पण असे कधी जमले नव्हते. मी तर हवेत. आता हा कपडे करणार, बूट चढवणार आणि त्या हॉटेलांच्या चकरा सुरू करणार, म्हणून मी त्याचा शर्ट रोज इस्त्री करून दारामागे टांगून ठेवत होते.

शर्ट तसाच टांगलेला राहिला. तो मित्रांकडे गेला, गावी जाऊन आला, झोपा काढल्या. मी विषय काढला की बघू म्हणायचा. एका संध्याकाळी मी कामावरून आले तर बॅग उघडी पडलेली, आणि त्यात कपड्यांच्या मधोमध बूट. माझ्याच फडक्यात गुंडाळलेले.

तिकडे त्याला कॅप्टन केलं होतं. कॅप्टनला स्वतःचे बूट लागतात, म्हणाला. आणि एवढी चमक तिकडे कोण काढून देणार?

"आणि इथलं?" मी विचारलं.

"इथे काय आहे आता?" असं तो सहज म्हणाला, पॅन्टची घडी घालता घालता. वाईट बोलायचा त्याचा हेतू नव्हता, ते मला आजही कळतं. म्हणून तर ते जास्त लागलं.

"मी आहे," मी म्हटलं.

त्याने घडी घातली, बॅगेत ठेवली आणि पैसे पाठवीन ना तुला, काळजी करू नकोस, असं काहीतरी बोलत राहिला. सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांना सगळं ऐकू जात होतं.

जायच्या दिवशी दुपारी मी मुद्दामच कामावर गेले. घरात राहिले असते तर भांडण केलं असतं. परत आले तेव्हा टॅक्सी दाराशी लागलेली, आणि आत नवरा आईवर चिडलेला. त्याच्या हातात बूट. मऊ, चिकट, काळपट. साऱ्या घरात खोबरेलाचा वास. फळीवरची बाटली रिकामी होती.

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, हात कोपरापर्यंत काळे. प्रवासात चामडं सुकू नये म्हणून लावलं, एवढंच त्या सांगत होत्या. त्याला ते खरं वाटलं. आईला काय कळतंय, असं वैतागून म्हणाला. मला मात्र माहीत होतं त्यांना काय कळतं ते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. वाटलं, आता हा खाली बसेल, टॅक्सीला जा म्हणेल.

टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. नवऱ्याने बूट भिंतीपाशी ठेवले, हात पुसले.

"जाऊ दे. तिकडे नवे घेईन," म्हणाला.

आईच्या पाया पडला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पांढऱ्या बुटांच्या नाड्या बांधून गेला. टॅक्सी खाडीच्या रस्त्याने वळेपर्यंत दिसत होती. मी आत आले तर सासूबाई तिथेच बसलेल्या, बुटांकडे बघत.

"माका वाटला, रवात म्हणान," त्या म्हणाल्या. तो राहील, असं मलाही वाटलं होतं.

मी चुलीवर पाणी तापवलं, साबण घेतला आणि त्यांच्यासमोर बसून एकेक करून त्यांचे हात धुतले. काळं लवकर निघत नव्हतं.