मान खाली घालणारा सूर

"सुम्मा, बाई, सुम्मा."

काय करताय काका, असं विचारलं की हे उत्तर ठरलेलं असे. सुम्मा म्हणजे तमिळमध्ये उगाच, सहज, विशेष काही नाही. उत्तर देण्याआधी काका हातातला माउथऑर्गन तळहातावर आपटून त्यातली थुंकी झटकायचे आणि मग तो घाईघाईने वेष्टीच्या, म्हणजे लुंगीसारख्या धोतराच्या, ओच्यात दडवायचे. सत्तरी ओलांडलेला माणूस. शहरातले गाणंबजावणं करणारे निम्मे लोक त्यांना ओळखत होते, आणि हे मात्र स्वतःच्याच जिन्यात चोरासारखे उभे.

तमिळ मुलखात, अंबत्तूरला, ते आमच्या वरच्या मजल्यावर राहत. मी सांगलीची, बँकेच्या बदलीवर आलेले. दारावरच्या पाटीवर मराठी आडनाव दिसलं म्हणून आल्या आल्या उत्साहाने वर गेले आणि पहिल्या पाच मिनिटांतच गोंधळले. घराणं तंजावरचं. मराठी होती, पण आपण ऐकलेली नव्हे. माझा चेहरा बघून काका म्हणाले, "तुमची मराठी रेडिओची. आमची डब्यांतली. झांकण लावून ठेवलेली आहे, बाई. थोडा वास येतो, खराब नाही झाली."

निघाले की काकू दारात येत. "थांबा की. कापी होणा का?" कापी म्हणजे कॉफी, होणा म्हणजे हवी. मी दरवेळी एकच सांगायची, "नको काकू, काम आहे." बँकेतल्या माणसाला काम नसलं तरी काम आहे म्हणायची सवय असते.

त्या दोघांच्या मराठीतली एक गंमत मला रिक्षात कळली. मी अजूनही घाईत रिक्षावाल्याला मराठीतच "थांबा, थांबा" ओरडते. काका शेजारी बसले होते. ते मिस्किलपणे म्हणाले, "त्याला कशाला थांबवतां? कापी देणार का?" त्यांच्या घरात गाडी उभी करायची असे, काम पुरे करायचं असे. थांबा म्हणायचं ते फक्त पाहुण्याला, म्हणजे जाऊ नका, राहा. मी खूप हसले. तेव्हा हसायला काय जात होतं!

त्या दिवशी आम्ही गिंडीला चाललो होतो, त्यांच्या बँडच्या सरावाला. अंबत्तूरच्या कारखान्यात जन्मभर कॉम्प्रेसरची हवा कुठून गळते ते तपासणारा हा माणूस तरुणपणापासून ब्लूज वाजवत होता, आणि तेही त्याच चार मित्रांबरोबर. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या कष्टकऱ्यांचं गाणं, एवढंच मला माहीत होतं. ड्रम वाजवणाऱ्याचं छोटं वर्कशॉप होतं. रविवारी सकाळी लेथ बंद असत आणि त्यांच्यामध्ये हे म्हातारे जमत. गिटारवाल्याला सगळे कॅप्टन म्हणत. तो जहाजावर कधीच नव्हता, बंदराच्या कचेरीत होता. पण केस अजून रंगवायचा आणि हुकूम सोडायचा, त्यामुळे नाव शोभायचं.

काका वाजवायला लागले आणि मी ऐकतच राहिले. श्वास बाहेर सोडून कोणीही वाजवील. ते श्वास आत ओढत, आणि ओढता ओढता सूर खाली वाकवत. वाकताना त्यांची स्वतःची मानही खाली जायची. चहाच्या वेळी मी शहाण्यासारखं म्हटलं, "फार दुःखी संगीत आहे हो."

"दुःख नाही, बाई. लाज," काका म्हणाले. "दुःख आहे तो वर बघून रडतो. चार लोक येतात, पाणी देतात. लाज आहे तो कोणाकडे बघणार? हा सूर मान खाली घालतो बघा. लाजेला कोणी जवळ घेत नाही, म्हणून ब्लूज आहे."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. एरवी बोलत नाहीत, आणि बोलली की आपण घरी येऊन भांडी घासतानाही तेच आठवत बसतो. मला पटलं की नाही ते त्या दिवशी कळलं नाही.

लाजेशी त्यांची ओळख लहानपणापासूनची. वडील कीर्तनकार, घरात टाळ आणि एकतारी देवाशेजारी. या पोराने आणला माउथऑर्गन. आईने एकदाच बघितलं आणि निकाल दिला, हे वाद्य उष्टं आहे. तोंडात घालतात, थुंकी लागते, तीच थुंकी परत तोंडात. देवघरात नको, स्वयंपाकघरात नको, कपाटातही नको. खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवायचं. आई गेली, घर बदललं, पण कट्टा सुटला नाही. काकूही माउथऑर्गन उचलायच्या तर फडक्याने. काकांचे सगळे माउथऑर्गन जन्मभर खिडकीबाहेर राहिले, आणि ते वाजवण्याबद्दल विचारलं की त्यांच्या तोंडून निघायचं, सुम्मा.

मग दात गेले. कवळी आली. माउथऑर्गनवर कवळी आपटते आणि माइक कसलीच भीड ठेवत नाही. टी. नगरच्या एका हॉलमध्ये आम्ही ते ऐकलं. सूर वाकायला लागला, मध्येच दम संपला आणि टक् टक् आवाज सगळीकडे घुमला. पुढच्या रांगेतली दोन-चार माणसं हसली. काकांनी तोंडावर हात धरला आणि मागे सरले. कॅप्टनने गिटार जोरात वाजवून ते झाकलं. मला त्या हसणाऱ्यांची लाज वाटली, कॅप्टनला काकांची वाटली, आणि काकांना कशाकशाची वाटली असेल ते विचारायची कोणाची छाती झाली नाही.

बँडच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम जवळ आला होता. आता वाजवणं सोडा, असं काकांना कोणीतरी सांगणं भाग होतं. म्हाताऱ्यांनी आपसात बरेच दिवस चालढकल केली आणि शेवटी मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कोण, तर मी. कॅप्टन इंग्रजी-तमिळच्या खिचडीत मला म्हणाला, "तुम्हीच सांगा. तुमच्या भाषेत सांगितलंत तर त्याला कमी लागेल."

मला ते पटलं. मातृभाषेत वाईट बातमीसुद्धा मऊ होते, असं मलाही वाटायचं.

वर गेले तेव्हा काका खिडकीशी बसून जुन्या टूथब्रशने माउथऑर्गन घासत होते. एकेक पुसून कापडात गुंडाळत होते. मी जिन्यात वाक्य घोकून आले होते. कठोर शब्द नको, बंद करा नको, पुरे नको. खेळाडू निवृत्त होतो तेव्हा आपल्याकडे म्हणतात तसा सभ्य, आदराचा शब्द मी निवडला होता.

"काका, सगळ्यांना वाटतं, आता तुम्ही थांबा."

त्यांचा ब्रश हातातच राहिला. "काय सांगटलं?"

"आता तुम्ही थांबावं, असं बँडमधल्या सगळ्यांना वाटतं."

काकांचा चेहरा उजळला. तसा उजळलेला मी तो कधी पाहिला नव्हता. "मीच जाणार होतों, बाई. दांत वाजतात, दम पुरत नाही. कॅप्टनला तोंड कसं दाखवूं, म्हणून हें बांधायला बसलों. आणि ते थांबा म्हणतात?" आत वळून त्यांनी हाक मारली, "ऐकलं का? थांबा म्हणतात मला!"

काकू पदराला हात पुसत आल्या. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी कट्ट्यावरचा एक माउथऑर्गन उचलून काकांच्या हातात दिला, आणि त्या दिवशी फडकं घ्यायला विसरल्या.

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? मी एवढंच म्हणाले, "येते काकू, काम आहे." आणि पळाले. जिन्यात मला रिक्षातलं ते थांबा आठवलं. त्यांच्या लाजेवर फुंकर घालायला गेले होते आणि त्यांना नसती आशा देऊन आले. कॅप्टनने फोनवर विचारलं, सांगितलंत ना? मी म्हटलं, सांगितलं. नरो वा कुंजरो वा.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. कॅप्टनने त्यांना बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागले. त्यांना परत पाठवणं कोणालाच जमलं नाही. काका आपल्या नेहमीच्या माइकपाशी जाऊन उभे राहिले.

गाणी सुरू झाली. काका हातात माउथऑर्गन धरून उभे. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. त्यांनी तो ओठांना लावलाच नाही. मग त्यांचं ते गाणं आलं, ज्यात मधली जागा जन्मभर त्यांचीच होती. कॅप्टनने गिटार थांबवली. ड्रम थांबले. काकांनी माउथऑर्गन तोंडाजवळ नेला, श्वास घेतला, आणि काहीच वाजवलं नाही.

आवाज सांभाळणाऱ्या माणसाला वाटलं, माइक बिघडला. त्याने घाबरून बटण पार वर सरकवलं. आणि हॉलभर काकांचा श्वास ऐकू आला. आत, बाहेर. आत ओढताना घरघर, शेवटाला थोडा थांबलेला. त्या ओढलेल्या श्वासाबरोबर त्यांची मान हळूहळू खाली गेली. या खेपेला कोणी हसलं नाही. कॅप्टन गिटारवर हात ठेवून आपल्या बुटांकडे बघत होता. मीही वर बघू शकले नाही. लाजेला जवळ घेतात ते कसं, ते मला तिथे कळलं.

कार्यक्रम संपल्यावर मी मागच्या खोलीत गेले. काका खुर्चीत बसून पाणी पीत होते. मी म्हटलं, "काका, माझं चुकलं. मला त्या दिवशी..."

"तुमची पावलं जिन्यांत वाजलीं तेव्हांच कळलं, बाई," ते म्हणाले. "तुम्ही पळालां ना. पाहुण्याला थांबा सांगून कोणी पळतं का? रिक्षावाल्याला सांगतां तें थांबा."

बदली झाली तर बरं, असं क्षणभर वाटून गेलं.

"मग आज का आलात?"

"तिला सांगून टाकलं होतं, थांबा म्हणतात म्हणून. तिने शर्टाला इस्त्री केली." त्यांनी माउथऑर्गन तळहातावर आपटला. सवयीने. त्यातून काही पडायचं नव्हतं. "दोन्ही केलं. तुमचं थांबणं आणि आमचं थांबणं. काकूला सांगूं नका हां."

त्यानंतर काका गिंडीला गेले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. फार आजारी नव्हते, सकाळी उठले नाहीत एवढंच. बँड अजून आहे. त्या गाण्यातली मधली जागा रिकामीच ठेवतात, आणि त्या जागी कॅप्टन दरवेळी खाली बघतो.

दिवसवार झाल्यावर मी काकूंना भेटायला वर गेले. खिडकीबाहेरचा कट्टा मोकळा होता. बोलता बोलता काकू म्हणाल्या, "शेवटीं त्यांना थांबा सांगटलं बँडनें. तुम्हीच सांगायला आलां होतां. माझ्यापेक्षां तुम्हांला ठाऊक, किती खूष होते."

मी मान खाली घातली. काकूंना सांगू नका, असं काकांनीच बजावलं होतं. थोड्या वेळाने उठले, दाराशी गेले, चपलेत पाय घातला.

"थांबा की," काकू मागून म्हणाल्या. "कापी होणा का?"

मी चप्पल काढली आणि थांबले.