देवळातल्या शाळेची घंटा

लोणावळ्याहून येऊन मी मळवलीजवळच्या शाळेत शिकवते. नातीला सोडायला रोज एक आबा येतात. नाव मी कधी विचारलं नाही. फाटकाशी ते चपला काढतात आणि नसलेली घंटा वाजवावी तसा हात वर करतात. एकदा मी कारण विचारलंच.

“आमच्या येळी हीच शाळा मारुतीच्या देवळात भरायची, बाई. घंटा वाजवल्याबिगर आत जायचं न्हाई. उशीर झाला की साऱ्या गावाला कळायचं,” ते हसत म्हणाले.

परवा माझी गाडी चुकली. पोचले तेव्हा पटांगणात प्रार्थना चालू होती. मी चोरपावलांनी आत शिरले. परत निघालेले आबा अदबीनं बाजूला सरले, हात वर केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “टण्ण.”

मिटलेले सगळे डोळे उघडले.