गणपतभाऊची काळी एक

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाई. बायकोले नाई, माझ्यासंगं तबल्यावर बसणाऱ्या दोस्तालेही नाई. पण काल पुन्हा एकानं माझ्या गळ्यात हार घातला — म्हणे, म्हाताऱ्यांची सेवा करता, लय पुण्यवान माणूस तुम्ही! डोकंच सरकलं माझं. कसलं डोंबलाचं पुण्य?

मी पेटीवाला. बल्लारपूरजवळच्या एका वृद्धाश्रमात आम्ही दर महिन्याले गाणी करायले जातो. चार वर्षांआधी तिथं गणपतभाऊ भेटले. एकेकाळी आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांतले गायक नट — लोक त्यांच्या गाण्यासाठी गाड्या जुंपून येत. त्यांच्या कंपनीत मी पेटीवर होतो. चामोर्शीकडच्या एका प्रयोगात मी पट्टी चुकलो. भाऊनं गाणं थांबवलं अन् भर मांडवात म्हणाले, "अरे, याले कोणी पट्टी तं शिकवा!"

सारा मांडव हसला. चूक माझीच होती. तरी ते हसणं मी वीस वर्षं पोसलं — काऊन? सांगा ना, काऊन?

आश्रमात मले पाहून भाऊनं मिठीच मारली. ते गायक होते यावर तिथं कोणाचा विश्वास नव्हता. आता साक्षीदार भेटला होता ना! पुढच्या महिन्याले गातो म्हणाले. त्या दिवशी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसले होते.

भाऊची पट्टी काळी एक — पेटीच्या त्याच सुरावर त्यांचा गळा मोकळा चालायचा. माझं बोट ती झोपेतही शोधते. मी पांढरी चार धरली — त्यांच्या गळ्याच्या पार वर. चुकून? नाई. जाणूनबुजून! हरामखोरी केली मी.

मुखडा त्यांनी कसाबसा ओढला. अंतऱ्याले आवाज फाटला. पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. मागून कोणी तरी खी-खी केलं. मले पट्टी खाली आणता आली असती — किती वेळ लागते त्याले? मी भाता मारतच राह्यलो. अन् खोटं काऊन बोलू — बरं वाटलं मले.

कार्यक्रम संपल्यावर भाऊ जवळ आले. हळूच विचारलं, "पट्टी तीच होती ना रे? काळी एक?"

"हो भाऊ. तुमचीच."

"मंग गळाच गेला म्हणायचा."

त्यानंतर ते गायले नाई. एकदाही नाई. चार वर्षं झाली. दर महिन्याले पहिल्या रांगेत बसतात, टाळी धरतात. लोकांची सेवा करणारा मी — त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून वाजवतो! थू!

कालही नव्या आलेल्या एका बाईंनी त्यांना गा म्हणून आग्रह केला. भाऊनं मान हलवली. माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "पेटी बराबर आहे त्याची, बाई. गळाच गेला माझा."

माझं बोट तवा काळी एकवरच होतं. मी पुढचं गाणं सुरू केलं.