ग्लेंडाने घासलेला राजा

हौसेला मोल नसतं असं ज्याने म्हणून ठेवलं, त्याने क्लाइव्ह थर्टलचं पेन्शन पाहिलेलं नसणार. सगळी हयात कौन्सिलच्या कचरागाडीवर घालवून क्लाइव्ह निवृत्त झाला. लोकांनी टाकलेलं उचलून कंटाळा यायला हवा होता, तर या गृहस्थाला लोकांचं हरवलेलं शोधायचा नाद लागला. इंग्लंडातल्या आमच्या नॉरफॉकात हा नाद गालगुंडासारखा पसरतो. नांगरट होऊन माती जरा बसली, की कानाला हेडफोन लावून, हातातला, जमिनीतला धातू हुडकणारा डिटेक्टर केर काढल्यासारखा डावीउजवीकडे फिरवत, मान खाली घालून चाललेला एखादा बुवा कुठल्याही शेतात दिसतोच.

नव्या डिटेक्टरच्या किमतीत थर्टल कुटुंबाचा हिवाळा निघाला असता. म्हणून क्लाइव्हने रविवारच्या जुन्या बाजारातून एक आणला. त्याची मूठ काळ्या चिकटपट्टीने बांधलेली होती आणि हेडफोन एकाच कानात वाजत होता. गुडघ्यांना बांधायला त्याने जुन्या सतरंजीचे तुकडे कापले. खुरपं बायकोच्या, म्हणजे ग्लेंडाच्या, फुलझाडांचं. सेल मात्र तो टीव्हीच्या रिमोटमधले काढून न्यायचा, त्यामुळे चॅनल बदलायला तिला दर वेळी खुर्चीतून उठावं लागायचं. या हौसेबद्दल तिचं मत काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

आमच्याकडे शेतकऱ्याच्या परवानगीशिवाय त्याच्या मातीत पाऊल टाकायचं नसतं. सापडेल त्यात अर्धा वाटा त्याचा, खड्डा खणला तर बुजवायचा, आणि निघताना बादलीतलं सगळं त्याला दाखवून जायचं. क्लाइव्ह दारोदार हिंडला. बहुतेकांनी त्याच्या तोंडावर दार लावलं. शेवटी म्हाताऱ्या हर्बर्ट रिक्सने त्याला एक दिवस देऊन बघितला.

त्या दिवशी डिटेक्टर थांबायचं नावच घेईना. जिथे उभं राहावं तिथे खालून टुंग, टुंग. क्लाइव्ह हरखून गेला. हातभर खोल खणलं, काही नाही. सरकून पुन्हा खणलं, तरी काही नाही. रिक्स ट्रॅक्टर बंद करून बराच वेळ हा तमाशा बघत राहिला, मग जवळ येऊन म्हणाला, "बाबा रे, बूट काढून बघ." क्लाइव्हच्या पायात कचरागाडीवरचे बूट होते, पुढे पोलादी टोपी असलेले. रिक्सला इतकं हसू आलं, की त्याने परवानगी कायमची देऊन टाकली. एवढी करमणूक त्याच्या गायींनीही कधी केली नव्हती.

पण करमणूक वेगळी आणि कमाई वेगळी. दोन हिवाळे बादलीत काय पडलं? बीअरच्या डब्यांच्या कड्या, बंदुकीच्या काडतुसांची बुडं, ट्रॅक्टरचे गंजके बोल्ट. रोज संध्याकाळी क्लाइव्ह ते स्वयंपाकघरात वर्तमानपत्रावर मांडायचा, एकेकाची कथा सांगायचा, आणि ग्लेंडा बटाटे सोलता सोलता 'हं' म्हणायची. एकदाच ती सविस्तर बोलली. "आयुष्यभर कचराच गोळा केलास," ती म्हणाली, "पण तेव्हा निदान पगार तरी यायचा."

ते त्याने हसून सोडून दिलं. सुटत नव्हती ती क्लबची गोष्ट. महिन्याच्या शेवटी गावच्या सभागृहात डिटेक्टरवाल्यांचा क्लब भरतो. हिरव्या कापडाच्या टेबलावर प्रत्येकाने आपली चीज मांडायची, मतं पडायची आणि पहिल्याचं नाव भिंतीवरच्या फळ्यावर जायचं. अध्यक्ष नॉर्मन बेल्डम यांचं नाव तिथे इतक्यांदा होतं, की रंगाऱ्याला ते डोळे मिटून लिहिता यावं. क्लाइव्ह आत शिरला की बेल्डम विचारायचे, "काय थर्टलसाहेब, आज कुठला बोल्ट?" क्लाइव्हला आयुष्यात काही जिंकल्याचं आठवत नव्हतं, चर्चच्या सोडतीतला जॅमसुद्धा नाही. एकदाच, फक्त एकदाच, त्या फळ्यावर आपलं नाव यावं एवढी एकच इच्छा त्याच्या मनात घर करून बसली होती.

आणि मार्चमध्ये, रिक्सच्या खालच्या कोपऱ्यात, ते नाणं निघालं. पिंपळपानासारखं पातळ, काळवंडलेलं, हातोड्याने ठोकून पाडलेलं चांदीचं नाणं. मधोमध कुरळ्या केसांचा राजा, सातशे वर्षांचा. क्लाइव्ह चिखलातच बसला. रिक्सने नाणं पाहून मान डोलावली आणि सांगितलं, की क्लबात मिरवून आण, वाट्याचं मग बघू.

त्या संध्याकाळी ग्लेंडाने बटाटे बाजूला ठेवले, चष्मा शोधून आणला आणि नाणं दिव्याखाली धरलं. "खरंच राजा आहे की रे," ती म्हणाली. शिवाय क्लबात आपणही येणार, चहाचं बघायला कोणी लागतंच, असंही तिने जाहीर केलं. क्लाइव्हला रात्रभर झोप लागली नाही.

क्लबच्या दिवशी तो केस कापायला गेला. घरात ग्लेंडाने त्याचा शर्ट इस्त्री केला, बूट पुसले आणि मग तिची नजर काड्यापेटीत कापसावर ठेवलेल्या त्या नाण्यावर गेली. आपल्या घरातली मळकी वस्तू चारचौघांत जाणार? तिने तारेची घासणी घेतली, भांड्यांची पावडर घेतली आणि जीव लावून नाणं घासलं. काळेपणा पार गेला. मग तिने ते पुन्हा कापसात ठेवलं आणि चकित करायचं म्हणून चकार शब्द काढला नाही. सापडलेलं नाणं कधी घासायचं नसतं, हा या छंदाचा पहिला धडा. क्लाइव्हने तो तिला नक्की सांगितला असणार, पण तेव्हा ती बटाटे सोलत होती.

काड्यापेटी उघडली ती थेट हिरव्या टेबलावर, सगळ्यांच्या देखत. नाणं स्टीलच्या चमच्यासारखं लखलखत होतं. राजाचं नाक गेलं होतं, केस गेले होते, उरला होता एक गुळगुळीत गोटा आणि त्यावर ओरखडे. बेल्डमनी भिंग लावून पाहिलं आणि सभागृहभर ऐकू जाईल असं विचारलं, "कुठल्या गाढवाने हे घासलं?"

क्लाइव्हने चहाच्या टेबलाकडे पाहिलं. ग्लेंडा तिथे ठेवणीतला निळा स्वेटर घालून किटली धरून उभी होती, आणि तिचा चेहरा पडत चालला होता.

"मीच," क्लाइव्ह म्हणाला. "राहवलं नाही."

मग जो हशा पिकला तो बराच वेळ ओसरला नाही. एकाने त्याला घासणी बक्षीस द्यायची सूचना केली. फळ्यावर नाव गेलं ते बेल्डम यांचं, एका मोडक्या बक्कलासाठी. क्लाइव्हने हसत टाळ्या वाजवल्या. आतून त्याला रडू येत होतं. ग्लेंडाने कपबशा विसळल्या आणि पुसल्या.

घरी जाताना दोघं चर्चच्या वळणापर्यंत आली. मग ती थांबली.

"खोटं का बोललास?"

"गाढव म्हणवून घ्यायची मला सवय आहे. तुला नाही."

तिने नाक ओढलं. "माझ्यामुळे वाटोळं झालं. आता यापुढे काही सापडलं ना, तर मला दाखवूच नकोस."

 दोन हिवाळे ज्या फळ्यासाठी क्लाइव्ह झुरला होता, तो त्याला या क्षणी आठवतही नव्हता.

"मग शोधायचं कशाला?" तो म्हणाला.