दातावर वाजवलेले मणी

माझा बाप ज्या थापटण्याने मडकी थापटायचा, त्यानेच आम्हालाही मारायचा. थापटणं म्हणजे हातभर लाकडी फळी. कच्च्या मडक्याला आतून दगडी गुंडा लावायचा आणि बाहेरून या फळीने ठोकत ठोकत त्याचं पोट वाढवायचं. "मडकं आन् पोर, कच्चं हाय तवरच ठोकावं," असं तो आल्यागेल्याला सांगायचा आणि आलेगेले हसायचे. त्या हसणाऱ्यांचा मला अजून राग येतो. बापाचा कमी येतो, कारण त्याला मी माझ्या हाताने उत्तर दिलं.

आमचं घर पनवेलच्या कडेला, गाढी नदीजवळ. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. पळस्पे फाट्यावर चार बांबू आणि एक ताडपत्री एवढंच बापाचं दुकान. न्हावा शेव्याकडे जाणारे ट्रकवाले तिथे उतरून माठ घ्यायचे.

आमच्यात बाई चाकाला हात लावत नाही. माती बाईने तुडवायची, पाणी बाईने आणायचं, मडकी भाजायच्या आव्यात शेण्या-लाकडं बाईने रचायची, चाक मात्र पुरुषाचं. पण एका कामात बापसुद्धा आईपुढे गप्प बसायचा. भाजून निघालेलं प्रत्येक मडकं ती डाव्या हातावर तोलायची आणि उजव्या हाताने टिचकी मारायची. चांगलं मडकं खणखणतं, तडा गेलेलं बद्द बोलतं. डोळ्याला न दिसणारा केसाएवढा तडा आईला ऐकू यायचा.

तिचे हे कान माझ्या बापाने फोडले. डावा माझ्या लहानपणीच गेला, कालवणात मीठ जास्त पडलं म्हणून. उजवा मी सोळा वर्षांची असताना गेला. त्याचं कारण आता आठवत नाही. कारण लागायचंच असंही नव्हतं. ती चुलीपुढे बसली होती. त्याने मागून येऊन अशी कानफटात दिली, की ती भिंतीवर जाऊन आदळली. कानातून रक्त आलं. ते तिने पदराने पुसलं आणि तव्यावरची भाकरी उलटली. दुसऱ्या दिवशी मी हाक मारली तर तिने वळून बघितलं नाही. त्यानंतर कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरच थोडंफार कळायचं.

तरी मडकी तीच वाजवायची. टिचकी मारायची, मान हलवायची, मडकं बाजूला ठेवायची. तिला काही ऐकू येत नाही हे मला माहीत होतं, बापालाही माहीत होतं, पण बोलणार कोण? फाट्यावरून गळके माठ परत यायला लागले. कान त्यानेच फोडले आणि मडकं ऐकू आलं नाही म्हणून मारही तिलाच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. आमच्याकडे फाशी देणाराच चोर होता.

शेवटी त्याने सांगून टाकलं, दिवाळी झाली की आईने वीटभट्टीवर जायचं. विटा वाहायला कान लागत नाहीत म्हणे. लागतात. भट्टीवर ट्रक मागे घेताना क्लीनर पत्र्यावर थाप मारून ओरडतो आणि तेवढ्यावर डोक्यावर विटा घेतलेल्या बायका बाजूला होतात. आई तिथे पहिल्या आठवड्यातच चाकाखाली गेली असती. हे मला दिसत होतं आणि तिलाही.

मातीचे मणी करायचं तिनेच शोधून काढलं. त्यांना चाक लागत नाही, कानही लागत नाही. बाजारात एका म्हाताऱ्या मुसलमान चाचांचं बांगड्या-माळांचं दुकान होतं. कॉलेजच्या मुलींमध्ये तेव्हा मातीच्या माळांची फॅशन आली होती. आईने नेलेले लाल मणी चाचांनी बोटांत फिरवून पाहिले. "माशाल्ला, हात चांगला आहे वहिनींचा," ते मला म्हणाले. "पण लाल सगळेच आणतात. काळे जमले तर कायमचं काम देतो, सांग त्यांना." मी ते तिच्या कानाशी ओरडून सांगितलं, तसं अख्खं दुकान आमच्याकडे वळून बघायला लागलं.

घरी बाप तंबाखू थुंकून म्हणाला, "एकदा करून बघ. नाय जमलं तं भट्टी."

आई माती जमिनीवर आपटायची, उचलायची, पुन्हा आपटायची. मातीत हवा राहिली की मणी आव्यात फुटतो, म्हणून आपटावी लागतेच. पण इतकी नाही. तिच्या तोंडून कधी शिवी आली नाही. सगळ्या शिव्या त्या मातीत गेल्या असणार. मग हरभऱ्याएवढी गोळी दोन तळहातांत वळायची आणि झावळीच्या हिराने भोक पाडायचं. हीर लगेच काढून घ्यायचा, नाहीतर माती वाळताना आवळते आणि मणी तडकतो. वाळलेला मणी नदीतल्या गोट्याने घासून गुळगुळीत करायचा.

आणि भाजलेला मणी ती पुढच्या दातांवर मारून बघायची. "डोक्यात वाजतो," ती पहिल्यांदा म्हणाली, तेव्हा तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. कानाची वाट बंद झाली होती, हाडाची चालू होती. कच्चा मणी कुठला, पक्का कुठला, ती पुन्हा सांगू लागली.

काळ्या मण्यांची रीत तिच्या माहेरची. छोट्या मडक्यात भाताचं तूस भरायचं, त्यात मणी पुरायचे, झाकण चिखलाने लिंपायचं आणि मडकं आव्यात ठेवायचं. धूर आत कोंडतो आणि मणी काळे होतात. मात्र मडकं पुरतं निवल्याशिवाय उघडायचं नाही. गरम असताना वारा लागला की सगळे मणी पुन्हा लाल पडतात.

आईने पहिल्यांदा काळे मणी भाजायला लावले, त्या दिवशी दुपारी बाकीची मडकी काढून झाली होती. आईचं मडकं तेवढं राखेत होतं, हात लावला तर पोळेल असं. बाप फाट्यावरून आला तो एक गळका माठ घेऊन. कुणा ट्रकवाल्याने चार माणसांत त्याची आई-बहीण काढली होती. त्याने माठ आईच्या पायांवर फोडला. खापरीने तिची पोटरी कापली. मग त्याची नजर राखेकडे गेली.

"माजी मडकी फुटकी, आन् हिचे मणी भारी!" म्हणून त्याने फावडं उचललं.

आई जाऊन त्या मडक्यापुढे बसली. त्याने डाव्या हातात फावडं घेतलं आणि उजव्या हाताने तिचा जबडा धरून तिला फरफटत बाजूला ओढायला लागला. तिची मान पिरगळत होती, टाचा राखेत घासत होत्या. थापटणं माझ्या हाताशीच पडलं होतं. मी ते उचललं, आडवं धरलं आणि जेवढं अंगात होतं तेवढं त्याच्या मनगटावर मारलं. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

बाप ओरडत खाली बसला. आई उठली, माझ्याकडे आली आणि तिने माझ्या कानाखाली आवाज काढला. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. मग ती त्याला घेऊन हाड बसवणाऱ्याकडे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मडकं उघडलं. मणी काळेभोर होते. एक-एक उचलून ती दातावर मारत गेली. मी दारात उभी होते, पण तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

बापाचा हात वाकडा बसला. दगडावर पडलो, असं तो लोकांना सांगायचा. चाक बंद पडलं. आईच्या मण्यांवर घर चालायला लागलं आणि बाप तिच्यासाठी पायांनी माती तुडवायला लागला. त्यानंतर त्याने कधी मारलं नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. डाव्या हाताने दोनदा मारून पाहिलं, पण त्या हातात जोर नव्हता.

तो गेला त्याच्या पुढच्या वर्षी, आई आणि मी ओटीवर मणी निवडत बसलो होतो. त्या दिवसाबद्दल मी तिला कधी विचारलं नव्हतं. तीच म्हणाली, "त्याचा हात मोडला, तो मला ऐकू आलेला. जबडा धरला होता ना त्यानं. डोक्यात वाजला."

"कसा?" मी ओरडून विचारलं.

तिने हातातला मणी दातावर मारला, पक्क्यांच्या सुपात टाकला. "कच्चा," ती म्हणाली.

मला हसू फुटलं. हसता हसता इतक्या वर्षांचा राग वर आला. मी तिच्या कानाशी तोंड नेलं. "मग मला का मारलंस?"

आईने पुढचा मणी उचलला, पण दातावर मारला नाही.

"ते काम माजं होतं," ती म्हणाली. "तुला करायला लागलं."